ऐकून निवडायचं

नणंद : वायर तर नीट बसलीय, वहिनी. मागूनही बघितली. मॉनिटरच गेला वाटतं तुझा.

वहिनी : गेला नाही, मी बंद केलाय. टेबलाखालून बाहेर ये आधी, डोकं आपटशील.

नणंद : बंद केलायस? आणि मी एवढी रांगत आत शिरले तेव्हा गप्प बसलीस?

वहिनी : म्हटलं, वन्सं दिवसभर दुकानात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. बटण बंद आहे एवढं त्यांना कळेल.

नणंद : मिळाला टोमणा. आता कसं भावाच्या घरी आल्यासारखं वाटलं. थांब, सुरू करते.

वहिनी : नको. असू दे तसाच. स्पीकरचा आवाज वाढव फक्त.

नणंद : अगं, तूच ना फोन केलास? लिहायचे तीन प्रोग्राम मी टाकून दिले होते, त्यातला एक ठरवायचाय, लगेच ये म्हणालीस. दुकानाला कुलूप घालून आलेय मी. बघितल्याशिवाय ठरवायचा कसा?

वहिनी : ऐकून.

नणंद : काय ऐकून?

वहिनी : इकडे ये. खिडकीपाशी, उजेडात. मी आता तुझ्याकडे सरळ बघतेय. तुझे कान दिसतायत मला. कानातलं नवीन घेतलंस, तेही दिसतंय. नाक दिसत नाही, तोंड दिसत नाही. तिथे नुसतं धुरकट.

नणंद : म्हणजे?

वहिनी : म्हणजे नजरेचा मधला भाग चाललाय. कडेचं राहणार, मधलं जाणार. तपासण्या झाल्या, सगळं झालं. किती लवकर जाईल ते कोणी सांगत नाही. अक्षर मोठं केलं की अजून वाचता येतं, कोंबडीसारखी मान वाकडी करून.

नणंद : वहिनी... कधीपासून हे? दादाला माहीत आहे?

वहिनी : दोघं मिळूनच गेलो होतो. तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू पहिले दोन दिवस रडतेस आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागतेस. मला तिसऱ्या दिवशीची तू हवी होतीस.

नणंद : पण मला आत्ता कळतंय! आज पहिलाच दिवस आहे माझा!

वहिनी : तो उरकून घे पटकन. सोमवारी ऑफिसला कळवायचंय.

नणंद : दादा कुठाय?

वहिनी : चहा करतायत. आणि ते आत आले की त्यांच्यासमोर डोळे पुसू नकोस. त्यांना रडायला निमित्तच हवं असतं.

नणंद : बरं. बरं. सांग. ऑफिसला काय कळवायचंय?

वहिनी : माझं काम तुला माहीत आहे. डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलतात, ते माझ्याकडे येतं, मी ऐकून टाइप करते. कान लागतात, बोटं लागतात. दोन्ही शाबूत आहेत. डोळा लागायचा तो फक्त चुकलंय का ते बघायला. आता तेवढंच काम कानाने करायचं. पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई तूच टाकून दिलीस ना?

नणंद : ते मला वाटलं तुला मान दुखते म्हणून हवंय! तू म्हणालीस, मान दुखते.

वहिनी : दुखतेच. कोंबडीची मान आहे ती.

नणंद : हसवू नकोस गं. मला हसायचं नाहीये.

वहिनी : ऐक. ऑफिसातल्या मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलंय. त्या म्हणाल्या, तुमच्या चुका वाढल्या नाहीत तर आमची काही हरकत नाही. घरून काम करणाऱ्यांनी आपापला प्रोग्राम ठरवायचा आणि सोमवारपर्यंत कळवायचा. एकदा कळवला की तोच. मग त्यांची सगळी मांडणी त्याच्यावर. म्हणून आज ठरवायचंय, आणि मला अजून दिसतंय तोवर बोटांना तो पाठ करून टाकायचाय.

नणंद : आणि काम नाही जमलं तर?

वहिनी : तो प्रश्न मी घरात काढू देत नाही.

नणंद : ठीक आहे. म्हणजे ठीक नाहीये, पण ठीक आहे. काय काय ठरलंय आतापर्यंत?

वहिनी : मेलचा ठरला. इंटरनेट बघायचा ठरला. त्यातला तुझा आवडता मी काढून टाकला.

नणंद : का? सगळ्यात फास्ट आहे तो.

वहिनी : फास्ट आहे, पण मजकुराच्या आधी जाहिराती येतात. आतली बाई अर्धा तास मला गाद्या विकत होती. कापसाची घ्या, स्पंजची घ्या, कंबरेला आधार देणारी घ्या. बातमी काय होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नणंद : आणि रेकॉर्डिंग वाजवायचा?

वहिनी : तोही ठरला. दोन्ही चालवून बघितले. एकात पायाखालचं पेडल सोडलं की जिथे थांबलं तिथूनच पुढे जातं, दुसऱ्यात दोन शब्द मागे जाऊन सुरू होतं. मला मागे जाणारा हवा. डॉक्टर जेवता जेवता बोलतात कधी कधी.

नणंद : फोटोंचा?

वहिनी : फोटोंचा नको.

नणंद : अगं, एक असा आहे, प्रत्येक फोटोला तू बोलून नाव देऊ शकतेस, मग तो...

वहिनी : नको म्हटलं ना. फोटो मी रोज सकाळी बघतेय, जुन्याच प्रोग्राममध्ये, एक एक करून. मोठा करून कडेने बघते. दिसतायत तोवर बघून घेणार. नंतर फोटो ऐकण्यात मला काही गोडी नाही. नंतर तुम्ही असाल की बोलायला.

नणंद : हं.

वहिनी : नाक ओढू नकोस. कान शाबूत आहेत म्हटलं ना.

नणंद : सर्दी आहे. लिहायच्या तिघांचं बोल.

वहिनी : पहिली ती नटवी. दुसरा आभाळातला. तिसरा साधा.

नणंद : नटवी काय! दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तोच मागतं. काय सुंदर पट्टी आहे वर, काय चित्रं...

वहिनी : चित्रंच आहेत. नाव एकालाही नाही. मी वरच्या पट्टीत गेले की आतली बाई म्हणते, बटण. बटण. बटण. बटण. ओळीने सगळं लग्नाचं वऱ्हाड एकाच नावाचं.

नणंद : आणि आभाळातला?

वहिनी : नेट आहे तोवर राजा. नेट गेलं की मी टाइप करतेय ते कुठे चाललंय ते देवाला ठाऊक. पण त्याच्यात एक चांगलं आहे, जपून ठेवायची आठवण ठेवावी लागत नाही. साध्यात मलाच ठेवावी लागते.

नणंद : साधा अगदीच जुनाट आहे हं. माझ्या पहिल्या दुकानापासूनचा.

वहिनी : पण बोलका आहे. टाइप केलेला शब्द न् शब्द सांगतो. शब्द चुकला तर टुक् वाजतं. आणि त्याच्यातलं काही हलत नाही. नटवीने एकदा रात्रीतून अपडेट घेतलं आणि सगळं घर फिरवून टाकलं. मी दुपारपर्यंत 'जपून ठेवा' शोधत होते.

नणंद : मग झालं की! साधाच घे. मला कशाला बोलावलंस?

वहिनी : इथेच तर अडलंय. मी तीन आठवडे लावले. प्रत्येकाला एक आठवडा, खरं काम, पडदा बंद. ऑफिस चुका लाल करून परत पाठवतं. ज्यात कमी चुका, तो घ्यायचा, असं ठरवलेलं. माझ्या आवडीवर नाही सोडायचं. आवड काय, आज एक उद्या एक.

नणंद : शहाणी आहेस. मग?

वहिनी : तिन्ही आठवडे एकही चूक परत आली नाही.

नणंद : एकही? नटवीतसुद्धा?

वहिनी : नटवीतसुद्धा. बाईंचा फोन आला मुद्दाम, म्हणाल्या, पूर्वीपेक्षा काम सुधारलंय तुमचं. मी त्या दिवशी पूर्ण रस्ता गाणं म्हणत फिरून आले. पण मग ठरवू कशावरून? म्हणून तुला बोलावलं. तुला आतलं काही कळत असेल, कोण टिकेल, कोण बंद पडेल, त्यावरून सांग.

नणंद : वहिनी, मला एक खटकतंय. राग मानू नकोस.

वहिनी : बोल.

नणंद : नटवी मला येते. डोळे उघडे ठेवून येते. त्यात बोट जरा भलत्या बटणावर पडलं की कर्सर वरच्या पट्टीत जातो. मग तू टाइप करत राहतेस आणि कागदावर काही उमटत नाही. पूर्ण ओळ वाऱ्यावर. पडदा बंद असताना, पहिल्याच आठवड्यात, तुझं एकदाही असं झालं नाही?

वहिनी : झालं असेल तर परत आलं असतं ना?

नणंद : म्हणूनच खटकतंय. कालचं काही आहे का इथे?

वहिनी : कालचं नाही, नटवीच्या आठवड्यातलं एक आहे. पेशंटचं नाव काढून सरावासाठी ठेवलंय. लावते. ऐक.

आतली बाई : रुग्ण महिला. पोटात उजव्या बाजूला किंचित वेदना. सदर वेदना जेवणानंतर वाढते. ताप नाही.

वहिनी : थांब. थांब. परत लाव.

नणंद : तुझ्याच हातात आहे सगळं.

आतली बाई : पोटात उजव्या बाजूला किंचित वेदना. सदर वेदना जेवणानंतर वाढते.

वहिनी : हे मी लिहिलेलं नाही.

नणंद : म्हणजे?

वहिनी : हे डॉक्टर 'जरा दुखतं' म्हणतात. कायम. 'किंचित' म्हणताना मी त्यांना एकदाही ऐकलं नाही. आणि 'सदर'! डॉक्टर कशाला म्हणेल 'सदर'? वन्सं, या घरात 'सदर' कोण म्हणतं?

नणंद : अगं बाई.

दादा : सदर चहा तयार आहे. एक बिनसाखरेचा, एक... काय झालं? अशा का बघताय दोघी?

वहिनी : चहा ठेवा खाली.

दादा : ठेवला. धाकटे, तुला सांगितलं वाटतं हिने. अगं, काळजी करू नकोस, सगळं व्यवस्थित...

वहिनी : मी फिरायला जाते तेव्हा तुम्ही या खुर्चीत बसता का?

दादा : कोणत्या खुर्चीत?

वहिनी : अहो.

दादा : बसतो कधी कधी. ऊन चांगलं येतं इथे.

वहिनी : आणि ऊन खाता खाता माझ्या कागदांत 'सदर' घालता.

नणंद : दादा, तू तिचं काम बदललंस?

दादा : बदललं नाही. तपासलं. चाळीस वर्षं दप्तरात काढली, मला काही लिखाण नवीन नाही. पहिल्या दिवशी सहज पडदा लावून बघितला. एक ओळ मध्येच तुटलेली. 'औषध' आणि पुढे काहीच नाही. तू म्हणाली होतीस फिरून आल्यावर पाठवते. मी हेडफोन लावले, ते ऐकलं, आणि राहिलेलं भरलं. तू आल्यावर सांगणार होतो.

वहिनी : मग?

दादा : तू गाणं म्हणत आलीस.

वहिनी : ते तर नंतरचं. पहिल्या दिवशी कुठलं गाणं?

दादा : पहिल्या दिवशीही म्हणत होतीस. तुला आठवत नसेल. जिन्यापासून ऐकू येत होतं. म्हटलं, उद्या सांगू.

वहिनी : आणि दुसऱ्या दिवशी?

दादा : दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. मग रोजचंच झालं. पण अंदाजाने एक अक्षर नाही हं लिहिलं. सगळं ऐकून. त्या पेडलची सवय करून घेतली, फार हलकं आहे ते, माझ्या पायाने एकदम पुढे पळतं. डावं-उजवं तर मी दोन दोनदा ऐकत होतो.

वहिनी : 'जरा दुखतं'चं 'किंचित वेदना' केलंत, ते कुठून ऐकलंत?

दादा : ते... ते वाचायला बरं दिसत होतं.

वहिनी : डॉक्टर काय कादंबरी सांगतोय?

नणंद : दादा, अरे तुला कळतंय का काय केलंस ते? ती तीन आठवडे कोणता प्रोग्राम बरा ते मोजत होती. आणि मोजला गेलास तू.

दादा : ही मोजतेय ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, बाई म्हणाल्या चुका वाढल्या नाहीत तर काम राहील. म्हणून मी चुका वाढू दिल्या नाहीत.

वहिनी : मला फार राग आलाय.

दादा : दिसतंय.

वहिनी : नाही दिसत. तुम्हाला काही दिसत नाहीये. माझे डोळे जातायत ते मी चालवून घेतलं. रडले, झालं. पण माझी चूक मला कळणं, हे माझं होतं. तेच तुम्ही रोज सकाळी पुसून टाकत होतात. मी गाणं म्हणत होते आणि मागे तुम्ही माझ्या ओळी शिवत होतात. केवढी मूर्ख दिसत असेन मी.

दादा : मूर्ख नाही. अजिबात नाही. तुझं काम गेलं असतं तर मला तुझ्याकडे बघवलं नसतं, एवढंच होतं. मी घाबरलो होतो गं. तुझ्यापेक्षा जास्त.

वहिनी : ते कळलं मला. तरी राग आहे.

दादा : असू दे.

नणंद : चहा निवतोय.

वहिनी : निवू दे. वन्सं, तिन्ही प्रोग्राम उघड. कोरा कागद तिघांत. अहो, तुम्ही त्या स्टुलावर बसा. तुम्ही डॉक्टर.

दादा : मी? आत्ता?

वहिनी : आत्ताच. तीन आठवडे फुकट गेलेत, आजचा दिवस नाही घालवणार. तुम्ही बोलायचं, मी टाइप करणार. मग बघू कोण मला किती चुकवतं.

नणंद : आणि ऑफिसचं काय? बाई तर तुझ्यावर खूश आहेत.

वहिनी : बाईंना फोन करणार. सांगणार, माझं काम यांनी तपासलं, ते सुधारलं नव्हतं. एक महिना पुन्हा बघा म्हणणार, कोणाचा हात न लागलेलं.

दादा : अगं, कशाला सांगायचं? आता नाही तपासणार मी. विषय संपला. सांगितलंस तर काम जाईल.

वहिनी : जाईल तर जाईल. राहिलं तर माझं म्हणून राहील. चला, डॉक्टर. नटवी पहिली.

दादा : काय बोलू? सदर रुग्ण...

वहिनी : 'सदर' शब्द काढला तर उठून जाईन.

दादा : बरं. रुग्ण पुरुष. उजवा गुडघा दुखतो. जिना चढताना जास्त. सूज... थोडी.

नणंद : स्वतःचाच गुडघा तपासतोय हा.

वहिनी : दुसरं कोण त्यांना तपासू देणार? पुढे.

दादा : थंडीत जास्त त्रास. पायऱ्यांच्या घरात राहतो. बायको ऐकत नाही.

वहिनी : डॉक्टर असं बोलत नाहीत.

दादा : पेशंट बोलतात.

वहिनी : बाई गप्प का झाली? मी टाइप करतेय आणि ती काही म्हणत नाहीये.

नणंद : पडदा लावून बघू का, मी एकटीच?

वहिनी : बघ. पण काही दुरुस्त करू नकोस. घराण्याला सवय आहे.

नणंद : 'सूज' शब्दाच्या पुढे एक अक्षर नाही, वहिनी. कर्सर वर पट्टीत जाऊन बसलाय. थंडी, पायऱ्या, बायको, सगळं वाऱ्यावर.

वहिनी : आणि मला 'बायको'पर्यंत कळलंसुद्धा नाही.

नणंद : तुझा दोष नाही, बाई काही बोललीच नाही.

वहिनी : दोष कोणाचा ते नको. गेलं की राहिलं तेवढं सांग. नटवी गेली. काढून टाक तिला.

नणंद : गिऱ्हाइकांना काय सांगू मी आता?

वहिनी : त्यांना दिसतं. त्यांनी खुशाल घ्यावी. आभाळातला लाव. डॉक्टर, पहिल्यापासून.

दादा : रुग्ण पुरुष. उजवा गुडघा दुखतो. जिना चढताना जास्त. सूज थोडी. थंडीत...

वहिनी : थांबा. बाई मागे राहिलीय. तुम्ही थंडीत पोचलात, ती अजून जिन्यावर आहे.

नणंद : नेट रडतंय तुमचं. थोड्या वेळाने ठीक होईल.

वहिनी : डॉक्टर थोड्या वेळाने परत सांगत नाहीत. मागून बोलणाऱ्या माणसाबरोबर काम होत नाही मला. काढ.

नणंद : हाही काढू? वहिनी, एवढ्या झटक्यात नको. तुझ्या कागदांची प्रत कुठे तरी बाहेर राहिलेली बरी. उद्या डबा बंद पडला तर?

वहिनी : हे तू बोललीस ते बरोबर. मग असं कर. लिहायला नको, ठेवायला राहू दे. साध्यात लिहिलेलं आपोआप त्याच्याकडे एक प्रत जाईल असं जमेल?

नणंद : जमेल. चहा पिऊन होईस्तोवर करून देते. आणि साध्याला दर थोड्या वेळाने आपोआप जपायला लावते, ती सोय आहे त्यात, कोणी वापरत नाही. झालं की नाही कामाचं काही?

वहिनी : झालं. आणि त्याचं अपडेट बंद कर.

नणंद : मग रोज पाटी येईल, अपडेट घ्या, अपडेट घ्या.

वहिनी : येऊ दे. मला कुठे दिसणारेय.

दादा : असं बोलू नकोस.

वहिनी : बोलणार. विनोद माझा आहे, तोही तपासू नका. साधा लाव गं.

नणंद : लावला. कोरा कागद. पडदा बंद. सुरू.

दादा : रुग्ण... पुरुष. उजवा... गुडघा दुखतो. जिना चढताना... आणि उतरताना... जास्त. सूज थोडी. थंडीत... त्रास वाढतो. तेल लावून... बरं वाटतं. पुन्हा... दाखवायला यावं.

वहिनी : टुक् वाजलं, 'त्रास'ला. सुधारला. पूर्णविराम. झालं. वन्सं, पडदा लाव.

नणंद : मी बघते काय चुकलंय ते.

वहिनी : तू नाही. ज्यांनी चुका लपवल्या त्यांनी सांगायच्या. अहो, या इकडे.

दादा : धाकटीच बघू दे की. तिची नजर चांगली आहे.

वहिनी : या.

(दादा खुर्चीमागे उभा राहून वाचतो. बराच वेळ.)

दादा : छान आहे.

वहिनी : छान विचारलं नाही मी.

दादा : सगळं आहे. बरोबर आहे.

नणंद : दादा...

दादा : तू गप्प बस.

वहिनी : अहो, माझ्याकडे बघा. मी चहा सांडते तेव्हा तुम्ही न बोलता पुसता, मला कळतं. पुसा. मीठ जास्त पडलं तरी जेवता. जेवा. पण हे नको. इथे तुम्ही माझी बाजू घेतलीत तर मला बाजूच उरत नाही.

(दादा पुन्हा पडद्यावर वाकून वाचतो.)

वहिनी : अहो.

दादा : चुकलीस.

वहिनी : कुठे?

दादा : गुडघ्याच्या पुढच्या ओळीत. तिथे...

वहिनी : काय ते सांगू नका. ओळ कळली, बास. पडदा बंद कर, वन्सं.

आतली बाई : जिना चढताना जास्त.

वहिनी : पुन्हा.

आतली बाई : जिना चढताना जास्त.

वहिनी : उतरताना राहिलं. 'आणि उतरताना'.

आतली बाई : जिना चढताना आणि उतरताना जास्त.

नणंद : बरोबर. एवढीच होती.

दादा : सापडली की गं तुला. तुझी तुलाच सापडली.

वहिनी : पुढचं सांगा. आणि डॉक्टर एवढं हळू बोलत नाहीत.